मागचा येईपर्यंत

दामोदर चौबळ आणि रितेश म्हात्रे यांची पहिली भेट झाली तेव्हा दामोदर पेणच्या एका पेट्रोल पंपावर आडवा होता आणि त्याच्या अंगावर त्याची नवी मोटारसायकल होती.

ही भेट रितेश अजून सांगतो आणि दर खेपेला गाडीचं वजन वाढत जातं. त्याच्या सांगण्याप्रमाणे गाडी पडली तेव्हा भोगावती नदीचं पाणी पुलाला लागलं. आसपासच्या कारखान्यांत सुकत ठेवलेल्या गणपतीच्या मूर्तींनी दोन हात कानांवर घेतले, आणि दोन हात शिल्लक होते म्हणून ते डोळ्यांवर घेतले. पंपावर झोपलेलं कुत्रं जे उठून पळालं ते थेट खोपोलीला दिसलं. तिथंही ते मागे वळून बघत होतं म्हणतात. पंपावरच्या माणसाने गाडीखाली वाकून विचारलं, "काका, हवा पण भरायची हाय काय?"

खरं घडलं ते याहून फार हळू. पेट्रोल भरून झालं, दामोदरने साइड स्टँड लावला, म्हणजे लावला असं त्याला वाटलं, आणि पाकीट काढायला खिशात हात घातला. गाडी एखाद्या लठ्ठ पाहुण्याने सोफ्यावर कलंडावं तशी सावकाश कलली. शहाण्या माणसाने बाजूला उडी मारली असती. पण दामोदरचा स्वभाव कुणाला मध्येच सोडून जाण्याचा नाही. तो गाडीबरोबर खाली गेला, आणि गेल्यावरही हँडल सोडलं नाही.

नेमक्या त्याच वेळी रितेश आणि त्याच्या मागे दहा-बारा मोटारसायकली पंपावर शिरल्या. सगळ्यांची इंजिनं एकदम बंद झाली. रितेशने हेल्मेट काढलं, दामोदरच्या तोंडासमोर उकिडवा बसला आणि आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "काका, सोडा आता. पडलीय ती. आता आणखी नाय पडनार."

चौघांनी गाडी उचलली, दोघांनी दामोदरला. एका मुलीने त्याचा चष्मा शोधून दिला. तिचं नाव पिंकी. ती पेणच्या एका बँकेत होती आणि तिची गाडी दामोदरच्या गाडीपेक्षा जड होती. आणि तिथेच, पँटवर ऑइल, कोपरावर खरचटलेलं अशा अवस्थेत दामोदरने आयुष्यात कधी कुणाला न विचारलेला प्रश्न विचारला.

"मला घ्याल का तुमच्यात?"

हा प्रश्न त्याला का पडला, त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

चौबळ मूळचे रोह्याचे. आजोबांच्या वेळी जमीन उंबरठ्यापासून नदीपर्यंत होती. नंतर कुळांकडे गेली, वाटण्यांत गेली, आणि आता चौबळांच्या नावावर मोजून एक अंगण, एक पपनसाचं झाड आणि भरपूर आडनाव उरलं होतं. भावंडं शिकली, मुंबई-पुण्याला मास्तर आणि डॉक्टर झाली. दामोदर बी.एस्सी. करून जवळच्या धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर म्हणून चिकटला, तो पंचवीसहून जास्त वर्षं चिकटूनच होता. कंपनीच्या बसमध्ये डावीकडची, खिडकीजवळची एक जागा त्याची. त्या खिडकीच्या काचेला त्याच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. बस बदलल्या, डाग प्रत्येक बसला पडला.

शिफ्टच्या नोकरीचा एक नियम असतो. आपल्या जागेवर पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आत काहीतरी तापत असतं, काहीतरी ढवळत असतं, आणि त्याच्याकडे बघायला कुणीतरी लागतंच. नियम सगळ्यांनाच असतो, पण दामोदरला तो हाडीमाशी भिनला होता. स्वतःच्या हळदीला तो उशिरा पोचला, कारण रिलीव्हरची सायकल पंक्चर होती. बायकांनी त्याला कंपनीच्या खाकी कपड्यांवरच हळद लावली. मुलीच्या, तनयाच्या, जन्माच्या वेळी सासऱ्यांनी निरोप पाठवला, "मुलगी झाली, या." याने उलट निरोप पाठवला, "रिलीव्हर आला की निघतो." तनया आता पुण्याला नोकरी करते आणि बाबांना कुठेही बोलवायचं तर आधी विचारते, "रिलीव्हर आहे ना?"

असल्या नोकरीत माणसाला मित्र होत नाहीत. रिलीव्हर होतात. भेट रोज होते, पण एक येत असतो आणि दुसरा जात असतो. पंचवीस वर्षं "आलास?" आणि "निघालो" याच्यापलीकडे बोलणं गेलं नाही, तर माणूस आतून बसच्या खिडकीसारखा होतो: बघतो सगळं, उतरत कुठे नाही.

त्या खिडकीतून एका रविवारी सकाळी त्याने ती रांग पाहिली. मोटारसायकली एकामागून एक, एक जरा डावीकडे, एक जरा उजवीकडे. पुढच्याने डावा हात खाली करून खड्डा दाखवला. त्याच्या मागच्याने दाखवला. त्याच्या मागच्याने. ती खूण हाताहातांतून पार शेवटच्या माणसापर्यंत गेली. दामोदरने मान वळवून, मग उठून, मग मागच्या काचेतून पाहिलं. आपल्यासाठी कुणीतरी पुढे खड्डा बघतंय आणि आपण मागच्यासाठी बघतोय, या विचारात तो तसाच उभा राहिला. खड्डा होताच मोठा; बसही त्यात गेली, आणि दामोदरचं डोकं टपाला लागलं.

पुढल्या महिन्यात त्याने गाडी घेतली. ती चालवता येत नव्हती, ही अडचण नंतर लक्षात आली.

बायको सरोजिनी रोह्याच्या शाळेत शिक्षिका. लग्नानंतर लवकरच तिने स्कूटर घेतली होती, आणि गेली वीस वर्षं ती पुढे भाजी, मागे दळण आणि मध्ये तपासायचे पेपर घेऊन रोहा-अष्टमीच्या पुलावरून ये-जा करत होती. त्याला कुणी शौर्य वगैरे म्हटलं नव्हतं. तिने नव्या गाडीभोवती एक फेरी मारली.

"अहो, ही चालवायची की हिची पूजा करायची?"

"ग्रुपमध्ये जड गाडी लागते, सरोज."

"कोणत्या ग्रुपमध्ये?"

"मिळेल एखादा."

लायसन्सच्या परीक्षेत पाय न टेकवता इंग्रजी आठाचा आकडा काढायचा असतो. पहिल्या खेपेला दामोदरने सहा काढला आणि कुंपणात गेला. दुसऱ्या खेपेला आठ निघाला. घरी आल्यावर लायसन्स देवापुढे ठेवलं. त्यावरच्या फोटोत तो पोलिसांना हवा असलेला माणूस दिसत होता, पण आनंदी.

तर असा हा माणूस पंपावर विचारत होता, "मला घ्याल का?"

रितेश पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचा आगरी, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्याचा मालक. त्याच्या ग्रुपमधले निम्मे लोक कारखान्यांतलेच, त्यामुळे ग्रुपचा मोसम गणपती गेले की सुरू व्हायचा आणि होळीला संपायचा. मधल्या काळात सगळे रंगात. रितेशने दामोदरला वरून खाली पाहिलं, ओली मूर्ती हलवावी की नाही असं पाहतात तसं.

"घेव ना. पन नियम हाय, काका. तीन राइडी पुऱ्या करायच्या. रांग मोडायची नाय, मधून निघून जायचं नाय. तीन झाल्या का बिल्ला."

बिल्ला म्हणजे चामड्याची गोल चकती, जॅकेटच्या छातीवर शिवायची. तिच्यावर आऱ्या होत्या आणि भोवती 'पेण-रोहा' असं लिहिलेलं. ग्रुपच्या मते ते मोटारसायकलचं चाक होतं. पेणच्या इतर लोकांच्या मते तो पापड होता. दामोदरला तो पापड आयुष्यात कधी काही हवं नव्हतं इतका हवा झाला.

पहिली राइड अलिबागच्या बाजूला होती. कार्लेखिंडीच्या चढावर दामोदरची गाडी बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. मागची सगळी रांग एका चढावर एका पायावर उभी राहिली. पण पूर्ण झाली. दुसऱ्या राइडला त्याने वडखळला लावलेला उजवा इंडिकेटर पार नागावच्या किनाऱ्यापर्यंत चालू ठेवला. मागचे लोक प्रत्येक फाट्यावर "आता वळतोय, आता वळतोय" म्हणत राहिले. पिंकी म्हणाली, "काका, मी तुमच्यामागं दीड तास उजवीकडं वळत होते." पण तीही पूर्ण झाली. सगळे हसले, आणि त्या हसण्यात दामोदरही होता. घरी येऊन त्याने सरोजिनीला दोनदा सांगितलं, "मला हसले गं." तिला कळेना, सांत्वन करायचं की अभिनंदन.

तिसरी राइड जानेवारीतली. वालाच्या शेंगांचा हंगाम. कोलाडच्या अलीकडे नदीकाठी एका सभासदाच्या शेतात पोपटी लावायची ठरली होती: मडक्यात भांबुर्डा नावाच्या रानटी झुडपाचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. आणि मडकं फोडलं की दामोदरला बिल्ला द्यायचा.

सगळ्यांनी वडखळला जमायचं होतं.

"कोलाड इथून हाकेच्या अंतरावर आहे," सरोजिनी म्हणाली. "तुम्ही पहाटे उलटे वडखळला जाणार, आणि तिथून परत कोलाडला येणार?"

"ग्रुपने जायचं असतं."

"बरं, राहू दे. शिफ्टचं काय?"

"अंबरीश करतोय माझी पहिली पाळी. बोलणं झालंय."

अंबरीश त्याच्या खात्यातला तरुण ऑपरेटर. आदल्या रात्री तो कुठेतरी हळदीच्या जेवणाला गेला होता, हे दामोदरला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्या मटणाचं काय होणार हे कळलं नसतं.

वडखळला रितेशने रांग लावली. सर्वांत पुढे स्वतः. नवा माणूस नेहमी पुढाऱ्याच्या मागे, म्हणून दुसरा दामोदर. शेवटी पिंकी, आणि तिच्याही मागे नारंगी जॅकेट घालून हिरामण; त्याला ग्रुपमध्ये 'शेपूट' म्हणत. हिरामण दामोदरच्याच कंपनीत, त्याच खात्यात होता. मग रितेशने नियम सांगितला.

"महामार्गाचं काम चालू हाय, पाट्या रोज हलतान. म्हनून पाटी आपन व्हायचं. जितं वळायचं तितं मी हात करीन, दोन नंबरचा तितं थांबंल, मागच्यांना वाट दाखवंल. शेपूट दिसलं, नारंगी जॅकेट, का मंग त्याच्या पुढं लागायचं. शेपूट येईपर्यंत पाटीनं जागा सोडायची नाय. चारी इंडिकेटर चालू ठेवायचे. गाडीवर फोन घ्यायचा नाय. समजलं, काका?"

समजलं? जागा कशी सोडायची नाही, हे दामोदर चौबळला समजलं का! त्या रांगेत उरलेल्यांना तो नियम होता. दामोदरला ते माहेर होतं.

नागोठणं आलं. तिथेच त्याच्या छातीवरच्या खिशात फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. दामोदरने दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवले. सुकेळी खिंडीत रितेशने खड्डा दाखवला, दामोदरने दाखवला, आरशात त्याला मागचा हात खाली जाताना दिसला, त्याच्या मागचा, त्याच्या मागचा. त्याने हेल्मेटच्या आत 'वा' असं म्हटलं आणि काच वाफेने धुरकट झाली.

खांब गावच्या फाट्यावर रितेशने महामार्ग सोडून आतल्या रस्त्याकडे बोट केलं आणि मग त्याच हाताने थांबायची जागा दाखवली. दामोदर थांबला. पाय टेकले. साइड स्टँड लावला, लागला की नाही हे वाकून दोनदा पाहिलं. चारी इंडिकेटर लावले. आणि डावा हात आडवा धरून पाटी झाला.

एकेक गाडी वळली. प्रत्येकाने अंगठा दाखवला. शेवटी पिंकी आली, वळता वळता ओरडली, "शेपूट येतंय मागून!" आणि गेली.

शेपूट आलं नाही.

का आलं नाही, हे नंतर उलगडलं. कंपनीत अंबरीश आला नव्हता. त्याचा मुक्काम सकाळपासून मोरीत होता. रात्रपाळीचा माणूस जागेवर अडकून पडला. कंपनीने आधी ज्याची पाळी होती त्याला, म्हणजे दामोदरला, फोन लावला. तो उचलेना. मग हिरामणला लावला. हिरामण नागोठण्याच्या नाक्यावर गर्दीत मागे राहिला होता, त्याने उचलला. तिथून निडी गावावरून धाटावचा रस्ता जवळ. त्याने पुढे असलेल्या पिंकीला हातवारे करून सांगितलं, मी इकडून चाललो. पिंकीला वाटलं, चहा पिऊन येतो म्हणतोय. हिरामण हा चहासाठी प्रसिद्ध माणूस होता.

थोडक्यात, दामोदरच्या जागेवर बसायला हिरामण गेला, आणि हिरामण येईपर्यंत दामोदर जागा सोडू शकत नव्हता.

यातलं काहीही त्याला माहीत नसताना त्याने फोन काढून पाहिला. कंपनीचे दोन मिस्ड कॉल. ते पाहिल्याबरोबर त्याला निम्मी गोष्ट कळली. आत कुणीतरी रात्रभर जागलेला, लाल डोळ्यांचा माणूस दाराकडे बघत बसला असणार. त्या माणसाच्या जागी दामोदर शेकडो वेळा बसला होता. उलट फोन करणं हे त्याचं कर्तव्य होतं. आणि उलट फोन केला तर "लगेच या" म्हणतील, हेही त्याला माहीत होतं. मग रांग मोडणार. मग तिसरी राइड गेली.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने कंपनीला उलट फोन केला नाही. फोन खिशात ठेवला. कान गरम झाले. त्याने हात पुन्हा आडवा धरला, जरा जास्तच ताठ.

फाट्यावर मारुतीची चहाची टपरी होती आणि तिच्या बाजूला कमळी वालाच्या शेंगांचे वाटे लावून बसली होती. दोघं नवरा-बायको, मागच्या वाडीवरची. कमळीने बराच वेळ या हात धरलेल्या माणसाकडे पाहिलं.

"दादा, कुनाला थांबवताव?"

"कुणाला नाही. वाट दाखवतोय."

"कुनाला?"

"मागचा येतोय त्याला."

कमळीने मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता. "बरं," ती म्हणाली. वेड्यांशी वाद घालू नये एवढं तिला कळत होतं.

ऊन चढलं. हात दुखला तेव्हा दामोदरने दुसरा धरला, पण तो चुकीच्या दिशेला जात होता, म्हणून पुन्हा पहिला. एक टेम्पो थांबला आणि चालकाने विचारलं, "सायेब, गोवा हिकडूनच ना?" एक एसटी त्याच्या हाताकडे बघून थांबली आणि वाहक खेकसला, "चढताय का नाय?" त्याच्या हाताप्रमाणे एक मुंबईची मोटार आतल्या रस्त्याला वळली, आणि पुष्कळ वेळाने धूळ खात परत आली, काच खाली झाली, आतल्या बाईंनी त्याला जे म्हटलं ते मारुतीने दिवसभर गिऱ्हाइकांना सांगितलं.

त्याने रितेशला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पिंकीला लावला. हिरामणला लावला. कुणी उचलला नाही. गाडीवर फोन घ्यायचा नाही. नियम पाळणारा ग्रुप होता. नंतर त्यांनी गाड्या लावल्या, जॅकेटं काढली, फोन जॅकेटांत राहिले आणि सगळे जाळाभोवती बसले.

"दादा, गाडी आत तरी लावा," मारुती म्हणाला. "डोसक्यावर ऊन आलं."

"इथंच दिसली पाहिजे."

"तुमचा मानूस आला तर आमी सांगू ना."

दामोदर क्षणभर डळमळला. सावलीत टपरीचं बाकडं होतं, जवळच होतं. पण तेवढ्यात हिरामण येऊन गेला तर? आणि समजा तो न वळता सरळ गेला तर? माणूस एक, रस्ता चुकून गोव्याला! "नको," तो म्हणाला. "मागचा आल्याशिवाय जागा सोडता येत नाही."

"नोकरीच हाय म्हना की."

"नाही, हौस आहे."

कमळी एवढी हसली की तिच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. मग तिलाच वाईट वाटलं. तिने उठून त्याच्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या. आडव्या हातावर. तो पाटीच असल्यासारखा.

मग फोन वाजला. ग्रुपवर फोटो आला होता. नदीकाठ, फुटलेलं मडकं, वाफाळलेल्या शेंगा, सगळ्यांची तोंडं धुराने काळी. खाली रितेशने लिहिलं होतं, 'पोपटी फत्ते. फुल टीम.'

दामोदरने फोटो मोठा केला. एकेक चेहरा पाहिला. फुल टीममध्ये आपण कुठे दिसतो का, हेही पाहिलं; माणसाचं मन असं असतं.

त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचंही चुकलं नव्हतं. हिरामणने कंपनीच्या गेटवरून रितेशला निरोप टाकला होता: 'कंपनीत बोलावलं. चौबळ साहेबांना पण फोन लावत होते.' रितेशने ते वाचून, दामोदरचा मिस्ड कॉलही तेच सांगायला असणार असं धरून, दोन आणि दोन चार केले. दोघे एकाच कंपनीतले, दोघे गायब. "काकापन गेला कामावर," तो म्हणाला. "जाऊं दे, त्यांचा बिल्ला ठेवा बाजूला." आणि अंड्याचं साल काढायला घेतलं.

मोबाइल खिशात जातो न जातो तोच सरोजिनीचा फोन.

"अहो, कंपनीतून घरी फोन आला होता. तुम्ही कुठे आहात?"

"खांबला."

"पोपटी खांबला आहे?"

"नाही. पोपटी झाली."

"मग तुम्ही खांबला काय करताय?"

दामोदरने सांगायचा प्रयत्न केला. पाटी, शेपूट, नारंगी जॅकेट. वर्गात फारच चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराला लावायची तो आवाज तिने लावला.

"तिथंच थांबा," ती म्हणाली.

"थांबलोच आहे," दामोदर म्हणाला.

ती स्कूटरवरून आली तेव्हा तोंडाला राणी रंगाची ओढणी बांधलेली, पायाशी डबा ठेवलेली पिशवी. तिने स्कूटर लावली, नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा अर्धा लाल झाला होता. सूर्य एकाच बाजूला होता आणि दामोदर हलला नव्हता.

"चला घरी."

"सरोज, हिरामण अजून..."

"गेटवर विचारून आलेय. हिरामण तुमच्या जागेवर बसलाय. धाटावला. तुमची पाळी करतोय. सकाळपासून."

हे आत उतरायला वेळ लागला. दामोदरचा हात तरीही आडवाच होता.

"म्हणजे तो येणार नाही?"

"नाही."

"पण मग मला सोडवणार कोण?"

त्याने हे इतक्या खऱ्या आवाजात विचारलं की सरोजिनीच्या तोंडाशी आलेलं वाक्य परत गेलं. कमळी शेंगा निवडायची थांबली.

सरोजिनीने ओढणी सोडली, झटकली, आणि पदर खांद्यावर घ्यावा तशी अंगभर गुंडाळली.

"शेवटचा माणूस कसा असतो तुमच्यात?"

"नारंगी जॅकेट असतं."

"हे काय आहे?"

"राणी रंग."

"उन्हात नारंगीच दिसतो," ती म्हणाली. "काय गो बाय, कसा दिसतो?"

"नारंगीच हाय!" कमळी म्हणाली. मारुतीनेही टपरीतून मान डोलावली.

सरोजिनीने स्कूटर वळवली, सुकेळीच्या दिशेने थोडी मागे गेली, पुन्हा वळली आणि सरळ तोंड करून, कुणाकडेही न बघता, दामोदरच्या समोरून आतल्या रस्त्याला गेली. वळताना डावा हात बाहेर काढून अंगठा दाखवला. दाखवताना आपण काय करतोय याची तिला लाज वाटत असावी, कारण मान दुसरीकडे होती.

दामोदरने हात खाली घेतला. खांद्यातून कट् असा आवाज आला.

तो गाडीवर बसला. हेल्मेट घातलं. बटण दाबलं. गाडीने 'टिक्' म्हटलं. पुन्हा दाबलं. 'टिक्'सुद्धा नाही. सकाळपासून चारी इंडिकेटर चालू होते, सांगितल्याप्रमाणे, एक क्षणही बंद न करता. बॅटरीत आता त्याच्याइतकाच जीव उरला होता. नव्या गाडीला किक नव्हती. मारुतीने आणि टपरीवरच्या दोघांनी ढकललं. दामोदरने क्लच सोडला तो चुकीच्या वेळी, आणि गाडी पेणच्या पंपावर झाली होती तशीच, सावकाश, पाहुण्यासारखी कलंडली. या खेपेला त्याने हँडल सोडलं. एवढी प्रगती झाली होती.

सरोजिनी वाट बघून परत आली. तिने पडलेली गाडी पाहिली, उभा नवरा पाहिला, आणि स्कूटरच्या मागच्या सीटवरची धूळ ओढणीने पुसली.

"बसा."

निघताना तिने कमळीकडून दोन वाटे शेंगा घेतल्या. कोलाड गेलं, धाटाव आलं. कंपनीच्या गेटसमोर दामोदरने मान खाली घातली. नेमका हिरामण सुटून बाहेर पडत होता, अंगात नारंगी जॅकेट.

"साहेब!" तो ओरडला. "आलात?"

"निघालो," दामोदर म्हणाला.

खड्डा आला तेव्हा सरोजिनीने ब्रेक मारला. मागे बसलेल्या दामोदरने, मागे कुणीही नसताना, हात खाली करून खड्डा दाखवला.

संध्याकाळी रितेशचा फोन आला. तो फार हळहळला, दहा वेळा माफी मागितली, आईची शपथ घेतली. पण नियम त्यानेच केला होता: राइड पुरी झाली नव्हती. फेब्रुवारीत पेणच्या कारखान्यांत मूर्तींची कामं लवकर सुरू झाली आणि पुढच्या राइडी झाल्याच नाहीत.

गाडी खांबलाच राहिली; ती मारुतीने विकत घेतली. तो तिच्यावरून रोज सकाळी कोलाडहून पाव आणतो.